छापलेली हृदयऊती तिसऱ्या दिवशी थंड का पडते: पेशी, जेल की सुई?

टिळकवाडी_पेशीशाळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या विभागात मानवी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागं नेऊन केलेल्या मूलपेशी) हृदयस्नायू पेशी तयार करून त्यांची ऊती छापायचं काम चालू आहे. पेशी चांगल्या येतात, छपाईही दिसायला नीट होते, पण ऊती टिकत नाही. सगळे आकडे देते, कुठं चुकतंय ते सांगा.

पेशींना हृदयस्नायूकडं वळवायला सीएचआयआर-९९०२१ हे रसायन ८ मायक्रोमोलर २४ तास, तिसऱ्या दिवशी आयडब्ल्यूपी-२ हे दुसरं रसायन ५ मायक्रोमोलर, पाचव्या दिवशी ते काढतो, सातव्या दिवसापासून इन्शुलिनसह बी-२७ (पोषक पूरक). आठव्या-नवव्या दिवशी ठोके सुरू होतात. पंधराव्या दिवशी ट्रोपोनिन-टी (हृदयस्नायूची खूण असलेलं प्रथिन) ८५ टक्के पेशींत दिसतं, त्याच दिवशी छापतो.

शाई म्हणजे जेलमा (प्रकाशानं घट्ट होणारं, बदल केलेलं जिलेटिन) १० टक्के, एलएपी (प्रकाश पडला की ते घट्ट करणारं रसायन) ०.५ टक्के, पेशी मिलीला १ कोटी. ३० गेजची अर्ध्या इंचाची सरळ सुई, दाब ८० किलोपास्कल. १० बाय १० मिमीचा चौकोन, जाडी २ मिमी. छापून झाल्यावर ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश ६० सेकंद. नंतर आरपीएमआय (पेशींचं पोषक द्रव, म्हणजे मीडियम) अधिक बी-२७.

दुसऱ्या दिवशी कडेला कुठंकुठं थरथर दिसते. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली सगळं शांत. जिवंत-मृत रंग (जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल) घातला की कडेनं हिरवी पट्टी आणि मधला सगळा भाग लाल.

दुसरा प्रयत्न छापताना आधार देणाऱ्या जिलेटिनच्या लगद्यात कोलॅजनचं कडं छापायचा केला. कडं तरंगत वर येतं, नाहीतर सुईमागं फरफटत जातं. त्या कोलॅजनमध्ये मिसळलेल्या पेशी तर पहिल्याच दिवशी सगळ्या मेल्या.

माझा संशय सुईवर आहे, दाबानं पेशी फुटत असाव्यात. बारीक दाबावर चालणारा नवा प्रिंटर घ्यायचा प्रस्ताव पुढच्या आठवड्यात जायचाय. घालू का?

---

खानापूरकर

ताई, प्रस्ताव थांबवा. तुमच्याच रंगवलेल्या फोटोत उत्तर आहे. सुईनं पेशी मारल्या असत्या तर लाल ठिपके सगळीकडं सारखे विखुरलेले दिसले असते, कारण कडेची पेशी काय आणि मधली काय, दोन्ही त्याच सुईतून आल्या. प्रकाशानं मारल्या असत्या तर ज्या बाजूनं दिवा धरला ती बाजू जास्त लाल झाली असती. कडा हिरवी आणि मध्य लाल म्हणजे आतल्या पेशी गुदमरल्या. त्या हिरव्या पट्टीची रुंदी मोजा, दीडशे-दोनशे मायक्रॉनच्या आसपास भरेल.

रक्तवाहिनी नसलेल्या ऊतीत ऑक्सिजन नुसता झिरपतो, आणि पेशींची दाटी असली की शंभर ते दोनशे मायक्रॉनमध्ये संपतो. खऱ्या हृदयात दोन केशवाहिन्यांमधलं अंतर जेमतेम २० मायक्रॉन असतं, प्रत्येक स्नायूपेशीला खेटून एक तरी असतेच. तुमची ऊती २००० मायक्रॉन जाड, तीही डिशच्या तळाला चिकटलेली, म्हणजे खालचं दार बंद. मधल्या पेशींपर्यंत काही पोचणंच शक्य नाही.

आता घनतेचा हिशोब. मिलीला १ कोटी पेशी म्हणजे एका पेशीच्या वाट्याला १ लाख घनमायक्रॉन जागा येते. त्याचं घनमूळ ४६. म्हणजे शेजारणी सरासरी ४६ मायक्रॉनवर, आणि सुटी केलेली पेशी स्वतः असते पंधरा-एक मायक्रॉनची. दोघींच्या मध्ये दोन पेशी बसतील एवढी मोकळी जागा! एकमेकींना शिवल्याशिवाय कनेक्सिन-४३ चे (विजेची लहर पेशीतून पेशीत नेणाऱ्या प्रथिनाचे) जोड बनत नाहीत, आणि जोड नाहीत तर लहर पुढं जाणार कशी? कुठंकुठं थरथर दिसते ती ह्याचमुळं. मिलीला १० कोटी केल्या की अंतर २१-२२ मायक्रॉनवर येतं. ५ कोटींपासून चांगली ऊती जमते, पण जेल असा हवा की पेशी त्याला ओढून आवळू शकतील.

घनता वाढवली की ऑक्सिजनची भूकही वाढते, म्हणून जाडी कमी करणं आलंच. आणि इथं एक चांगली गोष्ट आहे. तुमच्या २ मिमी ठोकळ्यात २०० मायक्रोलिटर शाई आणि २० लाख पेशी जातात. त्याच चौकोनाची ०.३ मिमी जाड चादर छापली तर शाई ३० मायक्रोलिटर लागते, आणि मिलीला ५ कोटींनी पेशी १५ लाख. म्हणजे पेशी वाढवायच्या नाहीत, आहेत त्या पातळ पसरायच्या आहेत. भरीव चादरीपेक्षा जाळी आणखी बरी: दोरा ३०० मायक्रॉन, मधली फट ५०० मायक्रॉन, म्हणजे प्रत्येक दोऱ्याला मीडियम सगळीकडून लागतं. सुईत आणि सिरिंजच्या तळाशी दीडेकशे मायक्रोलिटर शाई वाया जातेच, तेव्हा २०० मायक्रोलिटरची तयारी ठेवा. ५ कोटींच्या हिशोबानं १ कोटी पेशी झाल्या, सहा-खणी प्लेटचे पाच ते आठ खण.

जेलमा १० टक्के घेऊन त्याला मिनिटभर प्रकाश दिला की तो हृदयाच्या स्नायूपेक्षाही ताठ होतो. अशा जेलमध्ये पेशी गोलच राहते, लांबट होत नाही. जेलमाच ठेवायचा असेल तर ५ टक्क्यांवर या. माझं मत विचाराल तर हृदयासाठी फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं तंतूंचं जाळं) घ्या. फायब्रिनोजेन (फायब्रिनचं कच्चं रूप) १५ ते २० मिग्रॅ प्रति मिली आणि छापताना आकार धरायला जिलेटिन ३ टक्के. छापल्यावर मिलीला १० युनिट थ्रॉम्बिनच्या (फायब्रिनोजेनचं फायब्रिन करणाऱ्या विकराच्या) द्रावणात २० मिनिटं थंड जागी ठेवा, मग ३७ अंशावर न्या. जिलेटिन वितळून जातं, फायब्रिन राहतं. पेशी फायब्रिन हळूहळू पचवतात, म्हणून मीडियममध्ये हे पचवणं रोखणारं अॅप्रोटिनिन ३३ मायक्रोग्रॅम प्रति मिली घालायला विसरू नका, नाहीतर दहा-बारा दिवसांत ऊतीच विरघळते.

आणखी दोन गोष्टी पेशींच्या. नुसत्या स्नायूपेशींची ऊती आवळत नाही, १० ते १५ टक्के हृदयाचे फायब्रोब्लास्ट (आधार देणाऱ्या जोडऊतीच्या पेशी) मिसळा. जास्त नकोत, ते वाढत राहतात आणि लहर मंदावतात. दुसरं, पेशी सुट्या केल्यापासून ऊती मीडियममध्ये जाईपर्यंत ४५ मिनिटांच्या वर वेळ जाऊ देऊ नका, आणि पहिले २४ तास वाय-२७६३२ हे सुट्या पेशी जगवणारं रसायन १० मायक्रोमोलर ठेवा. ट्रायपॅन ब्लूनं (फक्त मेलेल्या पेशींना चढणारा रंग) मोजून ८५ टक्क्यांखाली जिवंत पेशी असतील तर त्या दिवशी छापूच नका. मेलेल्या पेशींचा चिकट डीएनए सगळी शाई गोळा करतो आणि सुई तुंबते, मग दाब वाढवावासा वाटतो.

---

उद्यमबाग_टूलरूम

सुईचा हिशोब मी करून देतो. सुईच्या भिंतीजवळचा कातरताण (पेशींना घासून ओढणारा ताण) म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले लांबीची दुप्पट. ३० गेजचा आतला व्यास साधारण १६० मायक्रॉन, त्रिज्या ८०. लांबी १२.७ मिमी. सगळा ८० किलोपास्कल दाब सुईतच खर्ची पडतो असं धरलं तरी ताण येतो २५० पास्कल. थोड्या वेळासाठी पेशी काही किलोपास्कलपर्यंत सोसतात. तेव्हा खानापूरकर म्हणतात ते बरोबर, सुई आरोपी नाही.

तरीही ८० किलोपास्कल दाब का लागतोय हा प्रश्न उरतोच. मला वाटतं सुई गारठते. कार्ट्रिजभोवती तापवायचं जॅकेट असतं, पण खाली लोंबणारी अर्धा इंच सुई उघडीच असते. आपल्याकडं जुलैत खोली २२-२३ अंशावर असते, जेलमा नेमका तिथंच घट्ट व्हायला लागतो. सुईतला जेल गोठतो, तुम्ही दाब चढवता, गोठलेला तुकडा सुटला की शाई भसकन बाहेर. छापलेल्या रेषेत आधी बारीक, मग एकदम फुगीर, मग पुन्हा बारीक असा मणी-मणी नमुना दिसतोय का बघा की. दिसत असेल तर हेच कारण. एप्रिलमध्ये उलटं होणार, खोली ३५ ला गेली की तोच जेलमा पाण्यासारखा गळतो.

यावर नवा प्रिंटर नको, सुईला एक कॉलर पाहिजे. अॅल्युमिनियमचा ठोकळा घ्या, सुईचा हब (सुईचं वरचं प्लॅस्टिकचं बूड) आणि सुईची वरची दोन-तृतीयांश लांबी झाकेल एवढा. हबच्या मापाला ०.०५ मिमी मोकळीक ठेवून रीमरनं भोक पाडा. ढिलं भोक म्हणजे मध्ये हवा, आणि हवा उष्णता जाऊ देत नाही. एका बाजूला टीईसी१-१२७०६ पेल्टिअर (विजेवर एक बाजू तापवणारी, दुसरी थंड करणारी चकती) लावा, कारण पावसाळ्यात तापवायला आणि उन्हाळ्यात थंड करायला तोच चालतो, फक्त वीज उलटी द्यायची. पेल्टिअरच्या मागं हीटसिंक आणि पंखा हवाच, नाहीतर दोन मिनिटांत दोन्ही बाजू सारख्या होतात. १०० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) सुईच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा, पेल्टिअरजवळ नको. तिथला आकडा छान दिसतो, पण सुईचा नसतो. बेळगावात कुठल्याही टूलरूममध्ये हा ठोकळा अर्ध्या दिवसात निघतो. अॅनोडाइज करून घ्या, म्हणजे रोज अल्कोहोलनं पुसला तरी काळा पडत नाही.

दुसरं कॉम्प्रेसरचं. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं आणि तीच ओली हवा तुमच्या कार्ट्रिजमध्ये जाते. लाइनमध्ये आधी मॉइश्चर ट्रॅप, मग कार्ट्रिजच्या अगदी तोंडाशी ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर. बुरशी आली की लोक इन्क्युबेटर धुत बसतात, ह्या नळीकडं कुणाचं लक्ष जात नाही.

सुई बदलायचीच असेल तर २५ गेजची प्लॅस्टिकची निमुळती घ्या. ताणासाठी नाही, तुंबू नये म्हणून. छापायच्या आधी पेशी ४० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा.

---

घटप्रभा_मीडियम

एक शंका: तिसऱ्या दिवशी ऊती खरंच थांबते, की तुम्ही बघेपर्यंत थांबते? ठोके तापमानाला फार हळवे असतात. प्लेट बाहेर काढून २३ अंशाच्या खोलीत थंड स्टेजवर ठेवली तर चार-पाच मिनिटांत ठोके मंदावतात, मग बंद होतात. ३७ अंशाची तापवलेली स्टेज नसेल तर प्लेट काढल्याबरोबर एका मिनिटात व्हिडिओ घ्या.

दुसरी गोष्ट, जी बरेच जण विसरतात. आरपीएमआय-१६४० मध्ये कॅल्शियम फक्त ०.४२ मिलिमोलर असतं, डीएमईएममध्ये १.८. पेशी घडवताना आरपीएमआय चालतं, पण ऊतीचं आकुंचन बघायचं तर कमी कॅल्शियममध्ये ती दुबळीच दिसणार. आरपीएमआयमध्ये वरून कॅल्शियम ओतू नका, त्यात फॉस्फेट ५.६ मिलिमोलर असतं, पांढरा साका बसू शकतो. छापल्यानंतर सरळ डीएमईएम अधिक बी-२७ वर या.

आणि एलएपी ०.५ टक्का जास्त आहे. ०.१ ते ०.२५ टक्के पुरतो. प्रकाश सेकंदात सांगून उपयोग नाही, दिव्याची तीव्रता मोजा. १० मिलिवॅट प्रति चौसेमीनं ३० सेकंद म्हणजे ३०० मिलिज्यूल, एवढ्यापासून सुरुवात करा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी. ५ टक्के कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये पीएच ०.०३-०.०४ नं वर सरकतो, ऑक्सिजनही तेवढाच कमी मिळतो. तुमच्या ऊतीचं मरण ह्यामुळं नाही, पण सेन्सर जागेवरच कॅलिब्रेट करून घ्या.

---

टिळकवाडी_पेशीशाळा

मणी-मणी नमुना अगदी तसाच आहे ओ! फोटो पुन्हा बघितले. हिरव्या पट्टीची रुंदी मोजली, चार ठिकाणी १४० ते १९० मायक्रॉन.

आता सगळं एकदम बदललं तर कशानं सुधारलं ते कळणार नाही. कुठली तुलना आधी करू? आणि जिलेटिनच्या लगद्याचं कुणी सांगेल का? पुढं खोलगट आकार छापायचे आहेत, तिथं नुसती चादर पुरणार नाही.

---

खानापूरकर

प्रिंटर न लावता चार चकत्या करा. ५ मायक्रोलिटर शाई साधारण ५ मिमी व्यासाची पसरली की जाडी पाव मिमी होते, म्हणजे गुदमरण्याचा प्रश्न आपोआप बाजूला. पहिली चकती रुंद तोंडाच्या पिपेटनं, प्रकाशाशिवाय. दुसरी तीच शाई सुईतून काढून, प्रकाशाशिवाय. तिसरी पिपेटनं, पण प्रकाश देऊन. चौथी सुईतून आणि प्रकाश देऊन. प्रकाश न दिलेला जेलमा ३७ अंशावर विरघळणारच, म्हणून पहिल्या दोन्हींतल्या पेशी कोमट मीडियममध्ये सोडवून मॅट्रिजेल (पेशी चिकटाव्यात म्हणून लावायचा जेल) लावलेल्या प्लेटवर पेरा. २४ तासांनी चारींत जिवंत किती ते मोजा. पहिली आणि दुसरी सारख्या आल्या तर सुई सुटली. पहिलीच वाईट आली तर दोष छपाईच्या आधीचा, पेशी सुट्या करण्यातला.

पाचवी तुलना फुकटची आहे: त्याच दिवशीच्या उरलेल्या पेशी नुसत्या प्लेटवर पेरून ठेवा. दोन-तीन दिवसांत त्यांचे ठोके परतले नाहीत तर ऊतीला बोल लावू नका. ऊतीतही पहिले दोन दिवस शांतता असू शकते, सुट्या केलेल्या पेशींना जोड पुन्हा बांधायला वेळ लागतो. ऊती शांत आहे की मेली आहे हे ठरवायचं तर फ्लुओ-४ (कॅल्शियम मिळालं की चमकणारा रंग) घालून कॅल्शियमची चमक बघा, किंवा ठोके वाढवणारं आयसोप्रोटेरेनॉल १ मायक्रोमोलर द्या.

---

मलप्रभाकाठ

लगद्यात छापायची ही पद्धत अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात अॅडम फाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत निघाली. पहिला लेख २०१५ चा, आणि २०१९ मध्ये त्यांनी कोलॅजनचे हृदयाचे भाग आणि पेशींसह एक छोटा डाव्या जवनिकेचा नमुना छापला, तो आकुंचन पावला. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे.

आधी पेशी मेल्या ते. छापायचं घट्ट कोलॅजन आम्लात विरघळवलेलं असतं, तिथं पेशी मिसळल्या की संपल्या. लगद्यात पीएच ७.४ चा हेपिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) असतो, कोलॅजनची तार त्यात पडली की आम्ल निघून जातं आणि ती तिथल्या तिथं घट्ट होते. म्हणून कोलॅजनमध्ये पेशी कधीच घालायच्या नाहीत. दोन सिरिंज ठेवा: एकीत मिलीला २० मिग्रॅच्या पुढचं आम्लातलं कोलॅजन, त्याच्या भिंती छापायच्या. दुसरीत फायब्रिनोजेन आणि दाट पेशी, त्या भिंतींच्या मध्ये भरायच्या. थ्रॉम्बिन लगद्यातच मिसळून ठेवायचं.

आता लगदा. २०१५ ची कृती घरगुती मिक्सरवर होते. ४.५ टक्के जिलेटिन ११ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये विरघळवून बरणीत रात्रभर, बारा तास, ४ अंशावर गोठवायचं. मग तेच थंड द्रावण वरून भरून मिक्सरमध्ये एकूण १२० सेकंद फिरवायचं. सलग फिरवू नका! पात्याजवळ भांडं तापतं, कण वितळतात आणि पुन्हा गोठताना त्यांचे चिकट गोळे होतात. पाच सेकंद फिरवा, दहा सेकंद थांबा, भांडं आधी फ्रीजमध्ये ठेवा. मग ४२०० फेऱ्यांवर दोन मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी आणि फेस टाकून द्या, थंड द्रावण घालून पुन्हा तेच, फेस येईनासा होईपर्यंत. हेपिस शेवटच्या दोन धुण्यांत घाला.

हातात आलेला लगदा रवाळ तुपासारखा दिसला पाहिजे. लोणकढं तूप पहाटे थंडीत दाणेदार थिजतं, अगदी तसा: दाणे सुटे, पण वाटी कलती केली तर ओघळत नाही. वाटी ४५ अंश कलती करा. वर पाणी सुटून वाहिलं तर लगदा ओला आहे, कडं तरंगणार, कारण दाण्यांना एकमेकांचा आधार नाही. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. उलट्या टोकाची परीक्षा सुईनं करा. लगद्यात एक रेघ ओढा आणि बघत राहा. रेघ एक-दोन सेकंदांत मिटली पाहिजे. चर तसाच उघडा राहिला तर लगदा कोरडा, त्या चरात हवा शिरते, आणि पुढच्या फेरीत सुई आधी छापलेली तार घेऊनच जाते. तुमची फरफट होते ती इथं. थोडा थंड बफर घालून चमच्यानं हलकेच सारखा करा.

मिक्सरचे कण वेडेवाकडे आणि साठ-सत्तर मायक्रॉनचे असतात. २०१९ च्या सुधारित पद्धतीत जिलेटिन इथेनॉल मिसळलेल्या पाण्यात, गम अरेबिक आणि प्लुरॉनिक घालून, ढवळत थंड केलं जातं, तेव्हा पंचवीसेक मायक्रॉनचे गोल, एकसारखे कण पडतात. तार बारीक येते. ती नंतर करा, आधी मिक्सरवर हात बसू दे. सरावासाठी पेशी खर्च करू नका, कोलॅजनमध्ये चिमूटभर खाण्याचा रंग घालून पंधरा-वीस कडी छापा.

लगदा २५ अंशाच्या खाली ठेवा. आपल्याकडं मार्च ते मे हे जमत नाही, डिशखाली बर्फाची पिशवी आणि मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा घाला. छपाई अर्ध्या तासात आटपा, कारण उभ्या सिरिंजमध्ये पेशी तळाला बसतात. पहिली कडी दाट आणि शेवटची रिकामी निघत असतील तर कारण हेच. छापून झाल्यावर ३७ अंशावर ४५ मिनिटं, लगदा वितळतो, मग मीडियम दोनदा हळूच बदला. थंड पिपेटनं बदललंत तर उरलेलं जिलेटिन फटींत पुन्हा गोठतं.

---

निपाणी_वाचक

मी ह्या क्षेत्रातला नाही, पण धागा वाचला म्हणून विचारतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यांवर आलंय. 'स्टेम सेलनं हृदय नवं करून देतो' अशी एक जाहिरात आली आहे, रक्कम लाखांत सांगतात. इथं जे छापताय तेच आहे का ते? घ्यावं का?

---

खानापूरकर

दादा, घेऊ नका. स्पष्टच सांगतो.

हृदयविकाराच्या एका मोठ्या झटक्यात १०० कोटींच्या घरात स्नायूपेशी मरू शकतात. वर ज्या चादरीबद्दल बोलतोय त्यात १५ लाख आहेत. ती औषधाचा परिणाम तपासायला, आजार समजून घ्यायला उपयोगी पडते, माणसात बसवायची नाही. तेल अवीव विद्यापीठात २०१९ मध्ये ताल द्विर यांच्या गटानं छापलेलं हृदय सशाच्या हृदयाएवढं होतं. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण ते रक्त ढकलू शकत नव्हतं. स्टॅनफर्डला २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या आर्पा-एच संस्थेनं २ कोटी ६३ लाख डॉलर दिले ते छापलेलं हृदय पाच वर्षांत डुकरात बसवून बघायला. माणसात नव्हे. जर्मनीत ग्योटिंगेनच्या गटानं आयपीएस पेशींपासून केलेल्या स्नायूच्या चकत्या माणसाच्या हृदयावर बसवल्या आहेत, त्या मात्र छापलेल्या नाहीत, साच्यात ओतलेल्या आहेत, आणि सगळं चाचणीच्या चौकटीत चाललंय.

आपल्याकडं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ठरावीक रक्ताच्या आजारांसाठीचं रक्तमूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचे बाकीचे उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाहीत, आणि चाचणीत उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. जाहिरातवाल्यांना सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा आणि तो स्वतः वेबसाइटवर टाकून बघा. पंपिंग २५ असताना औषधांची नीट जुळणी, गरज पडल्यास आयसीडी (जीवघेणी लय शॉक देऊन थांबवणारं) किंवा सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारं) यंत्र, ह्यांचा फायदा सिद्ध झालेला आहे. हृदयरोगतज्ज्ञांना हार्ट फेल्युअरची चारही गटांतली औषधं चालू आहेत का ते विचारा. वेळ वाया घालवू नका.

---

घटप्रभा_मीडियम

ताई, ऊती जगायला लागली की पुढचा अडथळा आत्ताच सांगून ठेवतो. फायब्रिनची चादर मोकळी सोडली तर पेशी तिला ओढून चार-पाच दिवसांत मिरीएवढा गोळा करतात, आणि गोळ्याचा मध्य पुन्हा गुदमरतो. दोन्ही टोकांना खुंट्या हव्यात. पीडीएमएसच्या (एक सिलिकॉन रबर) लवचीक खुंट्या उत्तम, कारण त्या किती वाकल्या ह्यावरून आकुंचनाचा जोर काढता येतो. चादर खुंट्यांभोवती वळसा घालून छापा, नुसती टेकवू नका. आवळताना सुटते.

वीज पहिल्या आठवड्यात देऊ नका. साधारण सातव्या दिवशी सगळी ऊती एका लयीत हलायला लागली की सुरू करा: १ हर्ट्झ, २ मिलिसेकंदांचे दुहेरी दिशेचे स्पंद, सेंटीमीटरला ३ ते ४ व्होल्ट. आधी कमीत कमी किती व्होल्टला ऊती साथ देते ते शोधा आणि त्याच्या दीडपट ठेवा. कार्बनच्या कांड्या वापरा. स्टीलची तार लावली तर पाण्याचं विघटन होतं, बुडबुडे येतात, लोखंड-निकेल मीडियममध्ये उतरतं. मीडियमचा रंग तारेजवळ बदललेला दिसला की ताबडतोब बंद करा. महिनाभर पिकवलेली ऊतीसुद्धा गर्भावस्थेतल्या हृदयाच्या जवळची असते, विश्रांतीचं विभव (शांत पेशीच्या पडद्यावरचा विजेचा दाब) उणे ६०-७० मिलिव्होल्टच्या आसपास, प्रौढ पेशीत उणे ८५-९० असतं. औषधांचे निष्कर्ष लिहिताना हे धरूनच लिहा.

---

टिळकवाडी_पेशीशाळा

प्रस्ताव बदलला. प्रिंटर काढला. त्याऐवजी तापवलेली स्टेज, ४०५ नॅनोमीटरसाठी रेडिओमीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारं यंत्र), आणि कॉलरसाठी अॅल्युमिनियम-पेल्टिअर. सोमवारी चार चकत्यांची तुलना लावते, पाचवी प्लेटही ठेवते.

---

उद्यमबाग_टूलरूम

रेडिओमीटरच्या कोटेशनमध्ये सेन्सर ४०५ ला कॅलिब्रेट केलेला आहे असं लिहून घ्या. बरेच विक्रेते ३६५ चा देतात, तो ४०५ ला चुकीचा आकडा दाखवतो आणि कळतही नाही. कॉलर काढायला हबचा बाहेरचा व्यास लागेल. व्हर्नियरनं तीन ठिकाणी मोजून टाका, प्लॅस्टिकचे हब किंचित निमुळते असतात.